मासे दिसतात पण लागत नाहीत: मिल लॅक्सवरचा वॉलआय, पर्च आणि साडेतीनची घाई

अमेरिकेत मिनेसोटातल्या मिल लॅक्स या तलावावर, हिवाळ्यात गोठलेल्या बर्फाला भोक पाडून वॉलआय आणि पर्च हे मासे पकडू पाहणाऱ्या एकाचा प्रश्न थोडक्यात असा होता: "मिनीॲपोलिसला राहतो. दोन हिवाळे झाले, मिल लॅक्सवर चारदा जाऊन आलो. सकाळी दहाला बर्फावर पोचतो, दुपारी साडेतीनला निघतो कारण पाचला काळोख होतो आणि मुलगी कंटाळते. चार ट्रिपमध्ये मिळून तळहाताएवढे तीन पर्च, वॉलआय शून्य. फ्लॅशर घेतला, म्हणजे पाण्याखालचे मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, त्यात मासे दिसतात, आमिषापर्यंत येतात, बघतात आणि निघून जातात. कुठला लूर घेऊ? आणि यंदा बर्फावरचं मासेमारीचं भाड्याचं घर न घेता आपलीच एसयूव्ही बर्फावर नेली तर चालेल का?"

लूरचं, म्हणजे नकली आमिषाचं, शेवटी सांगतो. तुमच्या अख्ख्या प्रश्नात मला खटकलं ते "साडेतीन". जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मिल लॅक्सवर सूर्य पावणेपाचच्या आसपास बुडतो, म्हणजे तुम्ही सामान गुंडाळून गाडीत बसता आणि तासाभरात तिथे वॉलआयचं दुकान उघडतं. चारही वेळा तुम्ही दुकान उघडायच्या आधी शटरसमोर उभं राहून परत आलाय, मग हातात कुठलीही पिशवी असली तरी काय फरक पडणार.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे कितपत ऐकायचं ते ठरवता येईल. मी मालवणकडचा, गळाने मासे पकडायला आमच्याकडे गरवणं म्हणतात, लहानपणी जेटीवर तंगूस (नायलॉनची दोरी) आणि कोळंबीचा तुकडा घेऊन गरवायला बसायचो. गेले अठरा हिवाळे मिनेसोटात बर्फावर जातोय, त्यातले दोन हिवाळे शनिवार-रविवार एका रिसॉर्टवाल्याकडे फिशिंगची घरं हलवायला आणि भोकं पाडायला मदत केली. गाईड वगैरे नाही. पण जेटीवर एक शिकलो होतो की घड्याळ बघून जायचं नाही, भरती-ओहोटी बघून जायचं. तलावाला भरती नाही, पण उजेड आहे, आणि वॉलआयसाठी उजेडाचं चढणं-उतरणं म्हणजेच भरती-ओहोटी.

कारण साधं आहे. वॉलआयच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा थर असतो, मांजराचे डोळे टॉर्चमध्ये चमकतात ना तसा, इंग्रजी नावसुद्धा त्या डोळ्यांवरूनच पडलंय. अंधुक उजेडात त्याला नीट दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. त्याचं आवडतं भक्ष्य कोण, तर पर्च. म्हणजे तुम्ही ज्या दोन माशांच्या मागे एकाच भोकात बसून आहात त्यातला एक दुसऱ्याला खातो. दोघं एकाच कुळातले, म्हणजे भाऊबंदकीच म्हणा, पण पर्च दिवसपाळीचा आणि वॉलआय संधिकाळचा. त्यात मिल लॅक्समध्ये २००५ साली झेब्रा मसल हे छोटे शिंपले सापडले, ते पाणी गाळून गाळून खातात, आणि आता हे पाणी पूर्वीपेक्षा बरंच नितळ आहे. नितळ पाण्यात उजेड खोल जातो, म्हणून भर दुपारी वॉलआय इथे आणखीनच रुसतो. गढूळ पाण्याच्या तलावांवर दुपारी एकलाही वॉलआय लागतात, तिथले व्हिडिओ बघून इथे तसं करायला गेलात तर हात हलवत परत याल.

तर दिवसाचे दोन भाग करा. साडेतीनपर्यंत चालत फिरून पर्च, साडेतीननंतर एका जागी गप्प बसून वॉलआय. मुलीला घेऊन काळोखात बसायचं कसं हा खरा प्रश्न आहे हे मान्य, त्यावर खाली येतो.

पण त्याआधी गाडी. यात "अवलंबून आहे" असं म्हणण्यावाचून इलाज नाही आणि कोणी बेधडक "चालेल" म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. इथल्या डीएनआरचा, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संपत्ती खात्याचा, हिशोब असा: नुसतं चालायला ४ इंच, छोट्या कारला ९-१० इंच, मध्यम एसयूव्हीला ११-१२ इंच, मोठ्या पिकअपला त्याहून जास्त, आणि हे सगळं नवीन, पारदर्शक, काचेसारख्या बर्फाचं. वरचं बर्फ पांढरट, दुधाळ असेल, म्हणजे बर्फ पडून भिजून परत गोठलेलं, तर आकडा दुप्पट धरायचा. आणि तुम्ही मोजलं तिथे १४ इंच म्हणजे दोनशे पावलांवर १४ इंच असं नसतं. मिल लॅक्स म्हणजे साधारण ५३५ चौरस किलोमीटरचं पाणी, खोल मात्र जेमतेम ४२ फूट, मधे अडवायला काही नाही, वारा सुटला की बर्फाचे अख्खे पट्टे एकमेकांवर चढतात किंवा फाकतात. त्या चढलेल्या रांगेला प्रेशर रिज म्हणतात, तिच्या कडेला बर्फ पातळ नाहीतर उघडं पाणी. रिसॉर्टवाले त्यावर फळ्यांचे पूल टाकतात आणि रोज सकाळी बघून पूल सरकवतात. काल होता तिथे आज पूल नाही हे मी स्वतः पाहिलंय, टायरचे माग सरळ जाऊन पाण्याच्या कडेला संपलेले. ते माग ज्या पिकअपचे होते तो वेळेत थांबला म्हणून बरं.

आणि तेही जानेवारीत. हिवाळ्याच्या सुरुवातीला तर चालतसुद्धा लांब जाऊ नका. नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी मिनेसोटातल्याच अप्पर रेड लेकवर बर्फाचा तुकडा सुटून सुमारे २०० माणसं पाण्यापलीकडे अडकली होती, आणि त्यात काही सगळे नवखे नव्हते. २०२३-२४ चा हिवाळा तर इतका उबदार गेला की कॅलेंडर बघून "जानेवारी आहे म्हणजे चालेल" म्हणणं वेडेपणा ठरला असता.

म्हणून माझं मत: यंदा पैसे देऊन रिसॉर्टच्या रस्त्याने जा. रोजची फी लागते, ती रस्ता साफ करायची आणि रोज बर्फ मोजायची असते, त्यात कंजुषी नको. सकाळी फोन करून "आज कुठली गाडी सोडताय" एवढंच विचारा. गाडी नेलीत तर सीटबेल्ट काढून, काचा खाली करून, अगदी हळू, विशेषतः किनाऱ्याजवळ, कारण गाडीच्या वजनाने बर्फाखाली पाण्याची लाट तयार होते आणि ती किनाऱ्याशी आपटून बर्फ फोडते. गाड्या एकमेकांना चिकटून लावायच्या नाहीत. गळ्यात बर्फाचे टोचे, म्हणजे दोन लाकडी मुठींना खिळे लावलेले असतात ते, प्रत्येकाच्या. पडलात तर ज्या बाजूने आलात त्याच बाजूला वळून टोचे रोवायचे, पाय मारत आडवं होऊन बाहेर यायचं आणि उभं न राहता लोळत लांब जायचं. हे घरच्या गालिच्यावर एकदा करून बघा, हसू येईल पण अंगात बसेल.

आता मासे. पर्चचं आधी सांगतो कारण दिवस त्याच्यापासून सुरू होतो.

तुमच्या चार ट्रिपमध्ये तुम्ही भाड्याच्या घरात बसून होतात असा माझा अंदाज आहे, घराच्या जमिनीत चार भोकं, ती जिथे आहेत तिथे आहेत. पर्च असे वाट बघून येत नाहीत. ते थव्याने चरत फिरतात, गाईगुरं फिरतात तसे. मिल लॅक्सच्या उत्तरेकडे आणि मधल्या भागात मड फ्लॅट आहेत, पाण्याखालची चिखलाची पठारं समजा, वरती वीस-पंचवीस फूट पाणी आणि कडेला तीस-पस्तीस. त्या चिखलात डासासारख्या किड्यांच्या लाल अळ्या आणि मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं असतात, मोठे पर्च भर हिवाळ्यात तीच उकरून खातात. म्हणून फोनवरच्या नकाशात पठाराची कड शोधा आणि कडेच्या आडव्या दिशेने, वरपासून उतारावरून पायथ्यापर्यंत, आठ-दहा पावलांवर एक अशी दहा-बारा भोकं एकदम पाडा. एक भोक, एक मिनिट असं करू नका, सगळी आधी पाडून टाका, ऑगरचा, म्हणजे बर्फाला भोक पाडायच्या गिरमिटाचा, आवाज एकदाच होऊ दे. मग प्रत्येक भोकात फ्लॅशर टाकून पाच मिनिटं. मासा दिसला नाही तर पुढे. दिसला आणि पाच मिनिटांत लागला नाही तरी पुढे, परत येता येतं.

पर्चला गंमत आवडते ती चिखलाची. छोटा टंगस्टन जिग, म्हणजे डोक्याला वजन असलेला गळ, त्यावर दोन वॅक्सवर्म, म्हणजे आमिषाच्या पांढऱ्या अळ्या, चार पौंडांचा ताण सोसणारी तंगूस. जिग तळाला तीन-चार वेळा ठोकायचा म्हणजे चिखलाचा छोटा ढग उठतो, मग वीतभर उचलून नुसता थरथरवायचा. पर्चचं चावणं म्हणजे टकटक असं येत नाही बऱ्याचदा, दांडीचं टोक नुसतं जरा सैल पडतं, जणू शिसं हलकं झालं, कारण तो आमिष घेऊन वर येतो. तिथे ओढायचं. तुमचे कितीतरी पर्च असेच सुटले असतील, तुम्हाला "नुसतं बघून गेला" वाटलं असेल.

आता तो फ्लॅशरवरचा "येतो, बघतो, जातो" प्रकार. नव्या माणसाची नव्वद टक्के चूक इथे असते आणि ती माझीही होती: मासा दिसला की आपण जोरात हलवतो. उत्साहाने. खरं म्हणजे जोरात हलवणं हे लांबून बोलवायला. भोकाखाली काहीच नसताना दोन फूट उचला, पडू द्या, उचला, पडू द्या, म्हणजे लांबच्याला चमक दिसते. स्क्रीनवर तळाशी बारीक हिरवी रेघ आली म्हणजे कोणीतरी कडेला आलंय, इथून हात आवरायचा. रेघ पिवळी होत लाल झाली की तो बरोबर खाली, जवळ. आता फक्त बोटाने दांडीला ताल दिल्यासारखी थरथर, आणि हळूहळू, अगदी दहा सेकंदात फूटभर या वेगाने, आमिष वर न्यायचं. पळणारी वस्तू बघून तो मागे येतो. आला तर थांबू नका, मुळीच खाली आणू नका, पळणारी शिकार शिकाऱ्याच्या तोंडाकडे परत येत नाही. मागे येऊन थबकला आणि लाल रेघ परत पातळ व्हायला लागली तर एकच झटका द्या आणि स्थिर धरा. चारातले दोन तिथे गळ घेतात. उरलेले दोन जाऊ द्या, त्यांना भूक नव्हती.

वॉलआयला आमिष तळापासून फूट-दीड फूट वर ठेवायचं, तो वर बघून शिकार करतो, खाली वाकून नाही.

साडेतीनला हे करा. कडेवरच्या ज्या भोकांत दुपारी पर्च होते त्यातलं एक निवडा, चार-पाच फुटांवर दुसरं पाडा, वर तंबू ओढा आणि मग ऑगर बंद म्हणजे बंद. बूट आपटायचे नाहीत, डबा सरकवायचा नाही. मिनेसोटात हिवाळ्यात माणशी दोन दोऱ्या चालतात, दोन्ही वापरा. एका दांडीवर हलवायचा चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचा धातूचा लूर, त्याच्या काट्याला मिनोचं, म्हणजे आमिषाच्या बारीक माशाचं, नुसतं डोकं चिमटीने तोडून लावलेलं. दुसरी दांडी स्टँडवर सोडून द्यायची, साधा गळ, फूटभर वर एक बारीक शिशाचा मणी, पाठीत टोचलेला जिवंत मिनो, वर बोया इतका छोटा की मिनोनेच जेमतेम बुडणार नाही. पहिल्या दांडीची चमक बघून वॉलआय येतो आणि खूपदा दुसऱ्या दांडीवरचा गरीब बिचारा मिनो खातो. माझे निम्म्याहून जास्त असे आलेत. बोया गेला की लगेच ओढू नका, दोरी हातात घ्या, वजन जाणवू द्या, मग.

सव्वाचारला, साडेचारला एक गोष्ट होते ती लक्ष देऊन बघा. दिवसभर स्क्रीनवर तळाशी पर्चची खिचडी असते, बारीक रेघांची वळवळ, आणि ती एकाएकी साफ होते. नवखा माणूस म्हणतो गेले मासे, चला निघू. अहो ते गेले कारण कोणीतरी आलं. अशा वेळी मी चहाचा कप खाली ठेवतो. दोन मिनिटांत, कधी दहा, एक जाड लाल पट्टा तळापासून सुटून वर यायला लागतो आणि त्याच्या जाडीवरूनच कळतं की हा पर्च नाही. ही वेळ सूर्य बुडायच्या आधी अर्धा तास आणि नंतर पाऊण तास, एवढीच. म्हणजे साडेपाचला तुम्ही मोकळे. रात्रभर बसायची गरज नाही.

मुलीचं: मग दहाला कशाला जाता? एकला पोचा. एक ते साडेतीन तिला फिरू द्या, पर्चची भोकं तिलाच बघू द्या, जाळीच्या झाऱ्याने भोकातला बर्फाचा चुरा काढायचं काम पोरं आवडीने करतात. नंतरचे दोन तास तंबूत हीटर, चिवडा, आणि बोयावर नजर ठेवायची ड्यूटी तिची. आमच्या धाकट्याला बोया बुडायची वाट बघायला मोबाईलपेक्षा जास्त आवडायचं, निदान सातव्या वर्षापर्यंत तरी. बर्फ मधेच ढगासारखं गडगडतं, त्याने ती दचकेल, तिला आधीच सांगून ठेवा, कडाक्याच्या थंडीत बर्फ फुगतं-आकसतं त्याचा आवाज आहे तो.

हीटरवरून. दुसऱ्या हिवाळ्यात मी आणि एक मित्र, उणे पंचवीस सेल्सिअस, तंबूच्या सगळ्या चेनी बंद, वरच्या खिडक्यापण, कारण "ऊब बाहेर जाते". तासाभरात माझं डोकं ठणकायला लागलं, मला वाटलं भूक. मित्र उभा राहिला आणि गुडघ्यावर बसला, मग उलटी. चेन उघडायला मला तीनदा हात मारावा लागला, बोटं ऐकत नव्हती आणि ते थंडीने नव्हतं. हीटर जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. त्या दिवसापासून तंबूत एक खिडकी वरची आणि एक खालची उघडी, आणि बॅटरीवरचा अलार्म दोरीने टांगलेला. लूरआधी तो घ्या.

नियमांचं. मिल लॅक्सवर वॉलआय किती इंचांचा आणि किती ठेवायचा हे वर्षावर्षाला, कधी सीझनच्या मधेसुद्धा बदलतं. कारण हा तलाव राज्य सरकार आणि अमेरिकन सरकारशी झालेल्या १८३७ च्या तहानुसार हक्क असलेल्या आठ ओजिब्वे या मूळनिवासी जमाती मिळून सांभाळतात, १९९९ साली सुप्रीम कोर्टाने ते हक्क कायम असल्याचं सांगितलं, आणि किती मासा काढायचा हा आकडा दोघांत वाटला जातो. किनाऱ्यावरच्या आमिषाच्या दुकानात काही लोक यावर कुरकुर करताना ऐकाल, त्यात पडू नका, तह त्यांच्या आजोबांच्याही आधीचा आहे. निघायच्या आदल्या रात्री डीएनआरच्या साइटवर या तलावाचं पान वाचा, मोजपट्टी जवळ ठेवा. वॉलआय फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारनंतर बंद होतो, पर्च चालू राहतो. सोळा आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाला लायसन्स. ठेवलेला मासा डोक्या-शेपटीसकट घरी न्यायचा.

आणि सोडायचा मासा तंबूतच सोडा. उणे वीसात बाहेर फोटोसाठी धरलात तर कल्ले आणि डोळे काही सेकंदात गोठायला लागतात, पाण्यात गेलेला दिसतो पण जगेल असं नाही. तसंच तीस फुटांच्या खालून ओढलेल्या पर्चचं पोट फुगलेलं दिसेल, या दोन्ही माशांना पोटातली हवा पटकन सोडता येत नाही. खोलात छोटे पर्चच लागत असतील तर "सोडून देऊ" म्हणत पकडत बसू नका, जागा बदला.

एवढं सगळं करून पण रिकामे याल का? येऊ शकता. हवेचा दाब चढतोय, आकाश निळंशार आणि आदल्या रात्री पारा धाडकन पडलाय, अशा दिवशी मी स्वतः कितीतरी वेळा दोन पर्च घेऊन आलोय. महिन्याचाही फरक पडतो: बर्फ धरल्या धरल्या वॉलआय किनाऱ्याजवळच्या दगडांवर आणि गवताच्या कडेला, दहा-पंधरा फुटांत, जानेवारी मध्यानंतर पठारांकडे. मी वर सांगितलेली जागा जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्याला धरून आहे, तेव्हा सूर्य थोडा उशिरा बुडतो, घड्याळाच्या वेळा तशा पुढे ढकला.

आता लूर. पर्चला वर सांगितलाच. वॉलआयला एक अष्टमांश औंसाचा सोनेरी चमचा, आत खुळखुळा असलेला, आणि दुसरा तसाच पण ढगाळ दिवसासाठी अंधारात चमकणारा हिरवा. सहा पौंडाची तंगूस, अठ्ठावीस इंची मिडियम-लाइट दांडी. बस. मी दुकानात जाऊन पेटीभर लूर घेतलेत, पोरांनी त्यांची खेळणी केली, पाण्यात जातात ते दोनच. त्यातला सोनेरी इतका घासलाय की एका बाजूने पितळ उघडं पडलंय, तरी त्याला बदलायची हिंमत होत नाही.

पर्च मिळाले तर कातडी काढून छोटे तुकडे करा, मीठ-हळद-आगळ लावून अर्धा तास, तिखट आणि बारीक रवा, तव्यावर तीन मिनिटं एकेक बाजू. काटा जवळजवळ नाही, मुलगी खाईल. वॉलआयचा तुकडा जाड असतो, त्याला तव्यावर झाकण घाला.